आपल्या देखत घर बदलणे

प्रश्न : आमचा मुलगा ३६ वर्षांचा असून त्याला मध्यम स्वरूपाचे बौद्धिक अपंगत्व आहे. आंघोळ, कपडे, जेवण तो स्वतः करतो. पैसे आणि औषधे मात्र त्याला सांभाळता येत नाहीत. आम्ही दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. त्याला निवासी संस्थेत ठेवावे, असे नातेवाईक सुचवतात, तर एका परिचितांनी ‘सपोर्टेड लिव्हिंग’चा पर्याय सांगितला. या दोहोंत नेमका फरक काय, आणि आमच्या पश्चात त्याच्यासाठी कोणती व्यवस्था योग्य ठरेल?

उत्तर : आधी एक खुलासा करतो, कारण माहिती शोधताना अनेक पालकांची इथेच गफलत होते. सपोर्टेड लिव्हिंगविषयीच्या ब्रिटनमधील लिखाणात ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द बौद्धिक अपंगत्वासाठी वापरतात. मराठीत आपण ज्याला अध्ययन अक्षमता म्हणतो, ती वाचन-लेखनापुरती अडचण त्यात अभिप्रेत नसते.

आता फरकाविषयी. निवासी संस्थेत छप्पर आणि काळजी या दोन्ही गोष्टी एकाच हातात असतात. सेवा पटली नाही म्हणून ती सोडायची ठरवली, तर घरही सोडावे लागते. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे आधारासह स्वतंत्र राहण्याच्या व्यवस्थेत, घराचा करार त्या व्यक्तीच्या नावे असतो आणि मदतनीसांची सेवा वेगळी घेतलेली असते. मदत करणारी संस्था बदलली तरी पलंग, खिडकी आणि शेजारी तेच राहतात. ही मदत दिवसातून दोन तासांची असू शकते किंवा चोवीस तासांचीही. त्यामुळे ‘ज्यांना थोडीच मदत लागते त्यांनी स्वतंत्र राहावे आणि ज्यांना जास्त लागते त्यांनी संस्थेत’ ही समजूत बरोबर नाही.

असे असले तरी केवळ नावावरून निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन जणांच्या सुबक घरातही संस्थेचा कारभार चालू शकतो. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी १९६९ साली ‘नॉर्मलायझेशन’चे, म्हणजे अपंग व्यक्तीचे रोजचे जगणे शक्य तितके इतरांसारखे असावे, हे तत्त्व मांडताना दिवसाच्या नेहमीच्या लयीवर भर दिला होता. कर्मचारी कमी आहेत म्हणून प्रौढ माणसाला लवकर झोपायला लावू नये, इतकी साधी गोष्ट त्यांना लिहून सांगावी लागली. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा वेळ ठरवून दुपारी जाऊ नका. सुटीच्या दिवशी संध्याकाळी सात-साडेसातला जा. त्या वेळी सगळे अंथरुणात असतील, तर भिंतींचा रंग पाहण्यात अर्थ नाही.

स्वयंपाकघरातही थोडा वेळ उभे राहा. बहुतेक ठिकाणी कर्मचारी भराभर सगळे उरकतात आणि राहणारा माणूस हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेला असतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. काम आपण केले की लवकर होते, एवढेच. जाणता मदतनीस मात्र कपडे धुण्याचे काम लहान पायऱ्यांत तोडतो : टोपली उचलणे, कपडे यंत्रात टाकणे, झाकण लावणे, बटण दाबणे. त्यातले झाकण आणि बटण आपल्या मुलाने केले आणि उरलेले त्याने मदतनिसाच्या हाताला हात लावून केले, तरी त्या दिवशीचे काम त्याचे झाले. ‘अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत कर्मचाऱ्यांना शिकवली आहे का, हे व्यवस्थापकांना जरूर विचारा. शिवाय रात्री किती माणसे कामावर असतात, वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले आणि खोलीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळला, तर उत्तर मिळाले असे समजा.

आपल्या पत्रातला ‘आमच्या पश्चात’ हा शब्द मला सर्वांत अधिक खटकला. आईवडिलांपैकी एकाचे निधन, घाईघाईने केलेली सोय आणि अनोळखी घर, हे तिन्ही धक्के एकाच आठवड्यात मुलाच्या वाट्याला येतात, ते बहुधा पालकांनी हा निर्णय लांबणीवर टाकल्यामुळे. बदल आपल्या देखत व्हायला हवा. आधी काही दुपारी, मग एखादी रात्र, मग आठवड्यातील दोन-तीन दिवस, असे वर्षभर चालू द्या. दरम्यान एक वही लिहायला घ्या. त्यात निदान आणि औषधे तर असावीतच. पण तो कानावर हात दाबतो तेव्हा दात दुखत असतो, दिवा एकदम मालवला की घाबरतो, ‘हो’ म्हणतो तेव्हा प्रश्न कळलेला असतोच असे नाही, हेही असावे. ही माहिती आज फक्त आपल्या दोघांच्या डोक्यात आहे.

प्रश्न : माझा ४४ वर्षांचा भाऊ, ज्याला डाउन सिंड्रोम आहे, चार महिन्यांपूर्वी निवासी संस्थेत राहायला गेला. पूर्वी बडबड्या असलेला हा माणूस आता गप्प असतो, जेवण टाळतो. ‘आता शिस्त लागली आहे,’ असे तिथल्या ताई सांगतात. मी उगीच काळजी करते आहे का?

उत्तर : अजिबात नाही. गप्प होणे ही शिस्त नव्हे. असे बदल ‘त्याच्या अपंगत्वाचाच भाग’ मानले जातात आणि खरा आजार तपासायचा राहून जातो, हा जगभरातला अनुभव आहे. प्रथम संपूर्ण तपासणी करून घ्या : दात, कानातील मळ, ऐकणे, दृष्टी, बद्धकोष्ठता आणि थायरॉइड. थायरॉइडची कमतरता डाउन सिंड्रोममध्ये पुष्कळदा आढळते आणि माणूस मंदावतो. औषधाने ती आटोक्यात राहते. याच लोकांना अल्झायमरही चाळिशी-पन्नाशीत गाठू शकतो. पण आधी बाकीची कारणे तपासल्याशिवाय तो शिक्का मारू देऊ नका. नैराश्याचाही विचार व्हावा, कारण आपल्या भावाचे घर नुकतेच सुटले आहे आणि ते दुःख शब्दांत सांगणे त्याला कठीण आहे.

औषधांची यादी मागून घ्या. मानसिक आजाराचे निदान नसताना केवळ वागणूक ‘सरळ’ करण्यासाठी मनोविकारावरील औषधे देण्याची प्रवृत्ती अनेक देशांत आढळली असून ब्रिटनमध्ये २०१६ पासून तिच्याविरुद्ध ‘स्टॉम्प’ ही मोहीम चालू आहे. नवीन गोळी दिसली, तर ती कशासाठी, कोणी आणि किती दिवसांसाठी लिहिली, हे विचारणे हा आपला हक्क आहे. मात्र गोळी परस्पर बंद करू नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

प्रश्न : आम्हाला एक उत्तम जागा मिळाली आहे, पण २९ वर्षांची मुलगी ‘नाही’ म्हणते. तिला समज कमी असल्याने निर्णय आम्हीच घ्यावा ना?

उत्तर : कोठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील १९ व्या कलमाने अपंग व्यक्तीला दिला आहे आणि १२ वे कलम निर्णय घेण्यासाठी तिला आधार द्यावा असे सांगते. तेव्हा आधी तो ‘नाही’ कशाला आहे हे शोधा. तो जिन्याला असेल, खोलीतल्या जोडीदारणीला असेल किंवा आपण कायमचे सोडून जाणार या समजुतीला असेल. जागेची छायाचित्रे तिच्या हातात द्या, दोन रात्री तिथे राहू द्या आणि त्यानंतर व्यवस्थापक समोर नसताना, तिच्या स्वतःच्या खोलीत तिला पुन्हा विचारा.