वाचकांचे प्रश्न : हमबकर, फेज आणि जुनी सागवानी चौकट

प्रश्न : काका, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या जुन्या घराची सागवानी चौकट निघाली, तिच्यातून इलेक्ट्रिक गिटारची बॉडी करायला घेतली आहे. चार वायरींचे दोन हमबकर (तारेची थरथर पकडणारे, दोन कॉइलचे पिकअप) ऑनलाइन मागवले, पण सोबत कंपनीचा कागद आला नाही. प्रत्येक हमबकर सिरीज, पॅरलल आणि सिंगल कॉइल असा वाजावा, फेज उलटा (म्हणजे एका हमबकरची लहर दुसऱ्याच्या विरुद्ध) करता यावा, शिवाय दोन्ही हमबकर एकमेकांशी सिरीजमध्येही जोडता यावेत, असं मनात आहे. किती स्विच लागतील? मित्राच्या गिटारला असंच काहीतरी केलं, तर दोन्ही पिकअप लावल्यावर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : पिकअप निवडायचा नेहमीचा तीन पोझिशनचा स्विच सोडला, तर चार. प्रत्येक हमबकरला एक 'ऑन-ऑन-ऑन' जातीचा (तीन पोझिशनचा) सहा पायांचा छोटा टॉगल, एक फेजसाठी आणि एक दोन्ही हमबकर सिरीजमध्ये घ्यायला. आता हिशोब करा. एकेकटे वाजवून सहा आवाज. दोन्ही मिळून पॅरललमध्ये नऊ जोड्या, फेज उलटा धरून अठरा. सिरीजमध्ये आणखी अठरा. एकूण ४२! त्यातले वाजवताना कानाला वेगळे वाटणारे आणि पुन्हा हात जावा असे सात-आठ निघाले तरी खूप झालं.

म्हणून माझं ऐकाल तर सिंगल कॉइल गाळा. हमबकर जन्माला आला तोच घरघर मारायला. पन्नासच्या दशकात गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने दोन कॉइल उलट्या वेढ्यांच्या आणि उलट्या चुंबकाच्या घेतल्या. तारेचा आवाज दोन्हीत मिळून वाढतो, आणि बाहेरून आलेली विजेची घरघर एकमेकीला खोडते. एक कॉइल बंद केली की आपली ५० हर्ट्झची घरघर परत हजर, आणि खोलीत चोकवाली ट्यूबलाइट किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर बघायलाच नको. पॅरलल जोडणीत आवाज किंचित कमी होतो, पण जवळपास तसाच मोकळा आणि चकचकीत येतो, आणि घरघर मरते ती मरतेच. मग ऑन-ऑन-ऑन टॉगलही नकोत; साधे दोन पोझिशनचे चालतात, आणि ते आपल्याकडे सहज मिळतात.

मित्राच्या गिटारचा पत्रा होण्याचं कारण बहुतेक रंग. डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल वायर हॉट (सिग्नल बाहेर नेणारी) असते, सेमूर डंकनच्यात काळी. एकाचा नकाशा बघून दुसऱ्याचा पिकअप जोडला की कॉइलची जोडणी चुकते आणि फेज उलटा होऊ शकतो. तारेचे खालचे सूर दोन्ही पिकअपखाली जवळजवळ सारखेच हलतात, त्यामुळे उलट्या फेजमध्ये ते कटतात आणि वरचा किणकिणाट तेवढा उरतो.

तुमच्याकडे कागदच नाही, तेव्हा रंगांवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नाही. मल्टिमीटर २० किलोओमवर ठेवा. उघडी वायर, म्हणजे शील्ड, बाजूला काढा. ती कायम ग्राउंडलाच जाते. उरलेल्या चारांत कोणत्या दोघींमध्ये चारेक किलोओम दिसतात ते शोधा. अशा दोन जोड्या निघतील, त्या तुमच्या दोन कॉइल. मग एका जोडीला मीटर लावून स्क्रू-ड्रायव्हरचं लोखंडी पातं त्या कॉइलच्या खिळ्यांवर टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडाला, तर लाल प्रोबची वायर 'अधिक'. खाली पडला तर काळ्या प्रोबची. चारही कॉइलना हेच करून कागदी चिकटपट्टीवर खुणा करा. सिरीजसाठी पहिलीची अधिक हॉट, तिची उणे दुसरीच्या अधिकला, दुसरीची उणे ग्राउंडला. पॅरललसाठी अधिक-अधिक एकत्र, उणे-उणे एकत्र. मीटरवर पडताळा लगेच मिळतो : सिरीजमध्ये आठच्या आसपास, पॅरललमध्ये दोन.

फेजचा स्विच एकाच हमबकरला लावा. दोन्हींना लावलात तर दोन्ही उलटून पुन्हा जिथल्या तिथे. तो हमबकर एकटा वाजत असताना स्विच टाकून काही फरक पडत नाही म्हणून घाबरू नका, पडणारच नाही. दोन्ही हमबकर सिरीजमध्ये घेतलेत की आवाज जाड आणि थोडा गढूळ होतो. पण सिरीज आणि उलटा फेज एकत्र टाकून बघा. तिथे पत्र्याला अंग येतं. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांसोबत १९६३ मध्ये घरीच गिटार करायला घेतली, तिच्यात तीन सिंगल कॉइल पिकअप सिरीजमध्येच आहेत आणि प्रत्येकाला चालू-बंदचा एक आणि फेजचा एक स्विच आहे. तिचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या लाकडाचा. तेव्हा तुमच्या चौकटीची तुम्ही मुळीच लाज बाळगू नका.

व्हॉल्यूम आणि टोन दोन्हींना ५०० किलोओमचे पॉट (फिरवायचे कंट्रोल) घ्या. दुकानात 'लॉग' म्हणून मागा, पॉटवर ए-५००-के लिहिलेलं असतं. टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यावर २२३ छापलेलं असतं. पॉटच्या पाठीवर २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर धरत नाही. पाठ पॉलिश पेपरने घासा आणि ६० वॉटचं रुंद टोकाचं आयर्न वापरा. आणि हो, सगळं वायरिंग आधी बॉडीच्या बाहेर लोंबतं ठेवून क्रोकोडाइल क्लिपांनी जोडा, आठवडाभर वाजवा. ज्या स्विचला हात लागला नाही, त्याचं भोक पाडू नका.

लाकडाचं थोडक्यात. ४५ मिलिमीटर जाडीच्या बॉडीची रुंदी मिळवायला चौकटीचे तुकडे कडेला कड लावून जोडावे लागतील. सागाला तेल असतं, म्हणून फेव्हिकॉल लावण्याआधी सांध्याच्या कडा ताज्या रंधून थिनरने पुसा. लाकूड कोरायचा राउटर फिरवण्याआधी लोहचुंबक सगळीकडून फिरवा. जुन्या चौकटीत मोडलेला खिळा असतोच. साग जड आहे, आतून पोकळ्या काढल्यात तर खांदा दुवा देईल.

प्रश्न : गणपतीत मंडपात गिटार वाजवताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. तारांना हात लावला की घरघर मात्र कमी होते. तारा ग्राउंडपासून तोडल्या तर चालेल?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात लावल्यावर घरघर कमी होणं ठीकच. तुमचं शरीर अँटेनासारखं काम करत असतं, ते ग्राउंडला जोडलं जातं. झिणझिण्या मात्र सांगतात की ॲम्प्लिफायर आणि माइकचा सेट यांपैकी कुणाची तरी अर्थिंग गेली आहे. घरघर जावी म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकणारे महाभाग मी मंडपात पाहिले आहेत. ते घरघर घालवत नाहीत, माणूस घालवतात! दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवरून तीन पिनांवर चालवा आणि त्या बोर्डची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तोवर माइकजवळ जाऊ नका.

प्रश्न : पिकअप घरी गुंडाळायचा आहे. सगळीकडे ४२ गेजची तार सांगतात. उद्यमनगरातून रिवाइंडिंगची ४२ नंबर आणली, पण बॉबिन निम्म्या वेढ्यांतच भरलं.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तार बरोबर आहे, गेज वेगळं. अमेरिकन मापातलं ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे मोटारीची तार ब्रिटिश मापाने विकतात, त्यातलं ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. दुकानात ४६ नंबर मागा, ती ०.०६१ ची असते. बेंजोचे पिकअप गुंडाळणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. सिंगल कॉइलला आठ हजारांच्या आसपास वेढे लागतात, म्हणजे किलोमीटरभर तार, आणि शेवटी मीटरवर सहा-सात किलोओम यायला हवेत. मोजायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो : त्याच्या 'बरोबर'च्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा) जोडा, फिरत्या चकतीवर चुंबक चिकटवा, एक अधिक एक दाबून सुरुवात करा. मात्र मोटर हळू ठेवा. फार वेगात कॅल्क्युलेटर वेढे गाळतो. गुंडाळून झालं की पातळ मेणात बुडवायचं, नाहीतर मोठ्या आवाजात शिट्टी मारेल. मेण थेट गॅसवर तापवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवा, आणि ६५ अंशांच्या वर नेऊ नका. प्लास्टिकचं बॉबिन वाकतं.