वर्षभर ग्रोथ हार्मोन घेऊनही डेक्सा खाली आला. बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं (वय 36) पिट्यूटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठीचं ऑपरेशन झालं, त्यानंतर वर्षभर ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, आणि एवढा खर्च करून डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, कमरेच्या मणक्याची घनता आधीपेक्षा खालीच आली.

नुसत्या त्या आकड्यावरून तरी बंद करू नका. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. दापोलीकडचा. 2018 पासून रोज रात्री पोटावर टोचून घेतोय. माझ्या मणक्याची घनता सुरुवातीला 0.86 (ग्रॅम प्रति चौरस सेंमी) होती, वर्षाने 0.84. रिपोर्ट हातात घेऊन एसटी स्टँडवर बसलो होतो, दोन गाड्या सोडल्या. तिसऱ्या वर्षी तोच आकडा 0.90 झाला.

हे कसं होतं ते मला आमच्या घरावरून उमगलं. वैशाखात घर शाकारायला काढतात तेव्हा आधी छपराचे नळे (कौलं) उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, कुजक्या रिपा बदलायच्या, मग पुन्हा चढवायचे. उतरवायला एक दुपार पुरते, चढवायला आठवडा जातो. मधल्या दिवसांत ओटीवरून वर बघावं तर आभाळ. हाडातही तसंच आहे. जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी आपलं काम काही आठवड्यांत उरकतात, नवं भरणाऱ्यांना महिने लागतात. हार्मोन कमी असलेल्या माणसात ही शाकारणी वर्षानुवर्षं रेंगाळलेली असते. इंजेक्शन सुरू झालं की एकदम सगळ्याच खोल्यांचे नळे उतरतात. म्हणून पहिले सहा-बारा महिने घनता घसरते किंवा जागेवर राहते, आणि साधारण दीड-दोन वर्षांनंतर चढायला लागते. फ्रॅक्चर कमी होतात याचा पुरावा मात्र घनतेइतका पक्का नाही, हेही सांगून ठेवतो.

बहिणीच्या बाबतीत एक गोष्ट जरूर विचारा. ती पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या तोंडाने घेते का? पोटातून गेलेलं इस्ट्रोजेन यकृतावर काम करून आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून यकृतात बनणारं हार्मोन) दाबून ठेवतं, मग ग्रोथ हार्मोनचा डोस जास्त लागतो. त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल असेल तर हा घोळ बराच कमी होतो. तशीही पुरुषांची हाडं या औषधाला बायकांपेक्षा चांगला प्रतिसाद देतात, तेव्हा माझ्या आकड्यांशी तिचे ताडून बघू नका.

पिट्यूटरीच्या पेशंटला बऱ्याचदा हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन ही हार्मोनंही घ्यावी लागतात; ती गरजेपेक्षा जास्त झाली तरी हाडं झिजतात. पण म्हणून ती आपल्या मनाने कमी करायची नाहीत, ते जिवावर बेतू शकतं. उलट ग्रोथ हार्मोन सुरू झाल्यावर कधी कधी हायड्रोकॉर्टिसोन वाढवावंही लागतं. आणि व्हिटॅमिन डी तपासा. आपण एवढ्या उन्हात राहतो, तरी माझं तळाला होतं.

हाताला मुंग्या, घोट्याला सूज, सांधेदुखी असं काही असेल तर डोस जास्त होत असू शकतो, डॉक्टरांना कळवा. साखरही बघत राहा.

इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवता ना? 2020च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. हर्णै बंदरातून बर्फ आणायचो आणि पेन टॉवेलात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवायचो. थेट बर्फाला लागू द्यायचं नाही, गोठलं की ते फुकट गेलं.

आणि दोन्ही डेक्सा एकाच मशीनवर झाले होते का? एक कराडला नि एक पुण्याला असेल तर ती तुलना सोडूनच द्या. पुढचा डेक्सा दोन वर्षं भरल्यावर, पहिल्याच मशीनवर करा. आणि चिपळूणहून जायचं तर पावसाळा सरल्यावर जा, कुंभार्ली घाटात दरड आली तर अपॉइंटमेंटही जाते.