नवशिक्याने स्कायडायव्हिंगच्या पिनचं लॉकेट घालावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक टँडेम उडी, म्हणजे प्रशिक्षकाला जोडून मारलेली, झाली आहे, पुढे एकटीने उडी मारायचा कोर्स करायचा आहे, आणि लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने पॅराशूटच्या क्लोजिंग पिनचं, म्हणजे पॅराशूट बंद ठेवणाऱ्या पिनेचं, लॉकेट दिलं आहे. ते साताऱ्यात घालून फिरलात तर जाणकार हसतील का, आणि कोर्सच्या वेळी तेच गळ्यात ठेवलं तर चालेल का?

फिरताना खुशाल घाला. उडी मारताना नको.

पहिल्या भागात फारसं काही नाही. पिन कोणी कधी घालावी याचा लेखी नियम नाही, नुसत्या प्रथा आहेत आणि त्या ड्रॉप झोनगणिक, म्हणजे उड्या मारायच्या प्रत्येक मैदानागणिक, बदलतात. कुठे पहिली एकट्याची उडी झाली की प्रशिक्षकच पिन हातात ठेवतो. कुठे परवाना मिळाल्यावर, म्हणजे अमेरिकेतल्या यूएसपीए या संघटनेच्या हिशेबाने ‘ए’ परवान्याला लागणाऱ्या किमान २५ उड्या झाल्यावर, घालायची पद्धत आहे. मुख्य पॅराशूट सोडून देऊन रिझर्व्हवर, म्हणजे राखीव पॅराशूटवर, उतरायची वेळ आली तरच पिन घालण्याचा हक्क मिळतो असं मानणारेही आहेत. हे शेवटचं मला पटत नाही. पॅराशूट बिघडणं ही काही कमाई नव्हे. कोणी विचारलंच तर ‘एक टँडेम झाली आहे’ असं सरळ सांगा, तिथे विषय संपतो. पाचगणीच्या पॅराग्लायडिंगवाल्यांपैकी कोणीतरी नक्की विचारेल, कारण त्यांच्या रिझर्व्हवरही पिन असते.

पण गळ्यात काय आहे हे नीट माहीत असलं तर उत्तर द्यायला सोपं जातं. पॅराशूट ज्यात भरतात त्या पाठीवरच्या कंटेनरच्या झडपांना धातूच्या गोल कड्या बसवलेल्या असतात, त्यांना ग्रोमेट म्हणतात. खालून येणारा दोरीचा एक छोटा फास, म्हणजे क्लोजिंग लूप, एकेका ग्रोमेटमधून वर ओढून घ्यायचा आणि शेवटच्या झडपेवर त्यात पिन सरकवायची. सगळं पॅराशूट त्या एवढ्याशा फासावर आणि पिनेवर बंद राहतं. पिनेचं दुसरं टोक ब्रायडल नावाच्या पट्टीला शिवलेलं असतं आणि पट्टीच्या टोकाला पायलट च्यूट नावाचं छोटं पॅराशूट असतं. ते हवेत भिरकावलं की पट्टी ताणली जाते, पिन फासातून निसटते, झडपा उघडतात आणि पॅराशूटची पिशवी बाहेर येते. मुख्य पॅराशूटची पिन वाकडी असते, कारण पट्टी कोणत्याही बाजूने ओढली गेली तरी वाकडी पिन फासात फिरून सुटते. रिझर्व्हची पिन सरळ असते, ती हँडलच्या केबलला जोडलेली असते आणि तिच्यावर रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणाऱ्या तंत्रज्ञाने, लाल धागा आणि सील लावलेलं असतं. म्हणजे तुमची पिन वाकडी असेल तर ती ‘जीव वाचवणारी पिन’ नाही, रोज उघडणाऱ्या पॅराशूटची आहे. लॉकेट विकणाऱ्यांची जाहिरात बहुधा उलटं सांगते.

काही चिन्हांच्या बाबतीत मात्र ‘घाला खुशाल’ म्हणता येत नाही, आणि आपल्या भागात हे जास्त जपायला हवं. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे. सैन्यात माणूस नाही असं घर तिथे शोधावं लागेल. पॅरा रेजिमेंटची दुसरी बटालियन पूर्वी मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती, तेव्हा हे नातं जुनं आहे. सैन्यातले छत्रीधारी पंख आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या झाल्यावर मिळतात आणि त्यातली एक रात्रीची असते. ‘बलिदान’ हे चिन्ह तर पॅरा स्पेशल फोर्सेसचं. २०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर ते दिसलं आणि आयसीसीने काढायला लावलं, म्हणून घराघरांत माहीत झालं. तेव्हापासून त्याची लॉकेटं आणि किचेन रस्त्यावरसुद्धा मिळतात. ती घालू नका. एस.टी. स्टँडवर कोणीतरी निवृत्त सुभेदार ‘कुठली बटालियन?’ असं विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने असं चिन्ह लावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हाही आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हौसेने घातलेल्या लॉकेटला तो हेतू चिकटेलच असं नाही, पण ज्याने ते पंख कमावले त्याच्यासमोर कायद्याचा युक्तिवाद कशाला करायचा?

सुरवंटाच्या सोनेरी पिनेचंही, म्हणजे कॅटरपिलर क्लबच्या बिल्ल्याचंही, तसंच. कॅटरपिलर क्लब १९२२ पासून आहे. त्या वर्षी २० ऑक्टोबरला अमेरिकेत ओहायोतल्या मॅककुक फील्डवरून उडालेल्या हॅरल्ड हॅरिस या वैमानिकाने निकामी झालेल्या विमानातून उडी टाकली आणि पॅराशूटने जीव वाचवला. विमान सोडावं लागलं आणि पॅराशूटने तारलं, तरच ती पिन मिळते. चार्ल्स लिंडबर्ग चार वेळा असा वाचला होता. हौसेने मारलेल्या उडीत रिझर्व्ह उघडावं लागलं तर ते त्यात धरत नाहीत. ऑनलाइन मिळणारा सुरवंट दिसायला गोड आहे, पण तो घालणं म्हणजे न लढलेल्या लढाईचं पदक लावणं. यूएसपीएचे हजार उड्यांचे सोनेरी पंखही याच रांगेतले.

आता उडीच्या दिवसाचं. पोट खाली करून पडताना वेग ताशी १९० ते २०० किलोमीटर असतो. त्या वाऱ्यात साखळी छातीवर राहत नाही, वर उडते आणि हनुवटीवर, ओठांवर, गॉगलवर आपटत राहते. टँडेममध्ये प्रवाशाचा हार्नेस चार ठिकाणी प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडलेला असतो आणि प्रशिक्षकाचा चेहरा तुमच्या डोक्याच्या लगेच मागे असतो. तुमचं लॉकेट त्याच्या डोळ्याशी जाऊ शकतं. म्हणून टँडेमला गळ्यातलं काढायला सांगतात. तिथे ‘सौभाग्याचं आहे’ म्हणून हुज्जत घालू नका. मंगळसूत्र तुटलं तर काळे मणी आकाशात विखुरतात आणि वाट्या कोणाच्या शेतात पडतील ते सांगता येत नाही. काढायचं नसेलच तर एकच मार्ग आहे: आखूड मंगळसूत्र, जंपसूटच्या आत, कातडीला मायक्रोपोर टेपने दोन ठिकाणी पक्कं चिकटवलेलं, आणि वरून कॉलरपर्यंत बंद चेन. लांब मंगळसूत्र टेपनेही नको. तेही आधी प्रशिक्षकाला दाखवून, त्याने हो म्हटलं तरच.

एकटीच्या कोर्समध्ये गळ्यापेक्षा हात महत्त्वाचे. पायलट च्यूट कंटेनरच्या तळाशी उजव्या बाजूला असतं. उजवा हात मागे नेऊन त्याची मूठ पकडायची आणि बाजूला स्वच्छ वाऱ्यात फेकायची. मनगटात सैल दोरा, गंडा, राखी, कडं किंवा दोरीचं ब्रेसलेट असेल आणि त्यात ब्रायडल अडकली, तर पायलट च्यूट हवेत गेलं तरी ओढ पिनेपर्यंत पोचत नाही. त्याहून वाईट म्हणजे पिन निघते, पॅराशूट बाहेर येतं, पण त्याचा एक भाग तुमच्या हाताशी बांधलेला राहतो. मग ते धड उघडत नाही, आणि कटअवे केलं, म्हणजे मुख्य पॅराशूट तोडून सोडलं, तरी अंगापासून सुटत नाही. त्यावर रिझर्व्ह उघडलं की दोन्ही एकमेकांत गुंतायची भीती. म्हणून उजवं मनगट मोकळंच ठेवायचं, तिथे देवाचा दोराही नको. डाव्या मनगटावर ऑल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ, येतो, त्याच्या शेजारी बांगडी किंवा कडं असेल तर तो सरकतो आणि नेमका पाहायच्या वेळी उलटा फिरलेला असतो.

अंगठीबद्दल लोक सगळ्यात निष्काळजी असतात. विमानाच्या दाराची कड, बाहेरची नळी, पायरी, या सगळ्याला बोटं घट्ट धरलेली असतात आणि पुढच्या क्षणी सगळं वजन खाली जातं. अंगठी अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. जोडवी घट्ट बुटात असतील तर त्रास नाही. चमकी चालते, नथ नाही. लोंबते कानातले काढा, कारण हेल्मेट आणि गॉगलचा पट्टा ओढताना तेच आधी अडकतात. अगदी चपटे टॉप्स टेप लावून चालतात. हे सगळं काढून लॉकरमध्ये ठेवायला घरून एक छोटी चेनची पर्स न्या. जंपसूटच्या खिशात ठेवू नका. उतरताना लोळावं लागलं तर खिशातल्या टोकदार वस्तू मांडीत घुसतात.

आता तुमच्या लॉकेटकडे. पिन खऱ्या पॅराशूटच्या सामानातली आहे की ओतीव नक्कल, हे आधी पाहा. खरी पिन स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला फारशी न चिकटणारी, गुळगुळीत आणि टोकाला गोलसर असते. ओतीव मिश्रधातूच्या पिनेवर साच्याची शिवण बोटाला लागते. दोन्ही लॉकेट म्हणून ठीक आहेत. मात्र एकदा लॉकेट झालेली पिन पुन्हा कधीच पॅराशूटवर जाता कामा नये, आणि या उत्तरातला हा भाग जपून ठेवा, कारण कोर्सच्या शेवटी ‘माझीच लकी पिन लावू’ असा मोह होतो. साखळीला घासून, किल्ल्यांवर आपटून पिनेवर बारीक खरचटे पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, नखाला लागतात. तो खरचटा प्रत्येक उडीत फासाचा एकेक धागा कापतो. फास अवेळी तुटला तर झडपा कुठेही उघडू शकतात, विमानाच्या उघड्या दारातसुद्धा. तिथे पॅराशूट उघडलं तर तुम्हाला ओढून नेतंच, विमानाच्या शेपटीला गुंतून आतल्या सगळ्यांचा जीवही धोक्यात घालतं. कड्यासाठी सोनाराने डाग लावला, म्हणजे तापवून जोड दिला असेल तर त्या उष्णतेने पोलादाचा कडकपणाही बदललेला असू शकतो. पाचगणीला जाणाऱ्यांनी किचेनच्या कॅराबिनरलाही हाच नियम लावावा: किल्ल्या अडकवलेला हुक हार्नेसला लावायचा नाही.

चांदीची हवी असेल तर सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा हुपरीच्या कारागिराकडून ओतून घेता येईल. शुद्ध चांदीची करू नका, मऊ असते, दुपट्ट्यात अडकली तरी वाकते. ९२५ ची करा, म्हणजे हजार भागांत ९२५ चांदी आणि बाकी तांबं. ३ मिलिमीटर जाड आणि ५ सेंटिमीटर लांब पिन कडीसकट साधारण ४ ग्रॅम भरते, त्यात चांदी ३.७ ग्रॅम. तेवढ्याच मापाच्या पोलादी पिनेपेक्षा ती जवळपास एक तृतीयांश जड लागेल, म्हणून साखळीही जरा भक्कम घ्या. जुने पैंजण मोडून करायची असेल तर आधी गलाई करून, म्हणजे वितळवून शुद्ध करून, शुद्ध चांदी किती निघाली ते समोर वजन करून घ्या. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर हेच काम करतात, तेव्हा जाणकार शोधायला लांब जावं लागणार नाही. कारागिराला तीन गोष्टी आवर्जून सांगा: टोक पूर्ण गोल कर, कडी डाग लावून बंद कर, आणि पिन मधे थोडी चपटी कर. चपटी पिन ग्रोमेटमधल्या फासात नीट बसत नाही, त्यामुळे ती चुकून कोणाच्या सामानाच्या डब्यात गेली तरी तिथे वापरली जाणार नाही.

स्टीलच्या साखळीने मानेला खाज येत असेल तर तो बहुधा निकेलचा त्रास असतो. चांदीची किंवा सुती दोऱ्याची साखळी लावून पाहा.

पिन सोडून दुसरं काही हवं असेल तर तीन कड्यांचं लॉकेटही मिळतं. मोठी, मधली, छोटी अशा एकात एक अडकलेल्या त्या कड्या मुख्य पॅराशूट अंगापासून तोडायच्या यंत्रणेतल्या आहेत, बिल बूथ यांनी सत्तरच्या दशकात शोधलेल्या. प्रत्येक कडी ताण कमी करत जाते, म्हणून शेवटच्या छोट्या फासावर आणि पिवळ्या केबलवर इतका थोडा भार उरतो की एका हाताने ओढून सगळं सुटतं. जुन्या पॅराशूटच्या दोऱ्या विणून केलेली ब्रेसलेटंही छान दिसतात, पण ती घरी घालायची.

तुमच्या टप्प्याला सगळ्यात शोभेल ती मात्र पुल-अप कॉर्ड. फास ग्रोमेटमधून वर ओढायला पॅकर, म्हणजे पॅराशूट घडी करून भरणारे, जी चपटी नाडी वापरतात, ती. दुकानं आणि ड्रॉप झोन आपलं नाव छापून ती फुकट वाटतात. पर्सला बांधा, किल्ल्यांना लावा, आणि कोर्सला गेल्यावर पॅकिंग शिकताना तीच बाहेर काढा. ती ओढून काढताना हळू, पिनेच्या खालून काढायची. झटक्यात ओढली तर घर्षणाने फास भाजतो आणि पॅकर ओरडतो. पहिल्या एकट्या उडीनंतर परदेशात बिअर पाजायची रीत आहे. तुम्ही साताऱ्याच्या आहात, त्या पॅकरसाठी कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा डबा नेलात तर कोणी तक्रार करणार नाही.