आधी गिऱ्हाईक हो

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापुरात राजेंद्रनगर वस्तीतल्या गाडा-दुकान चालवणाऱ्या बायांची कर्जप्रकरणं बँकेत घालायचं तू ठरवलंयस, हे वाचून बरं वाटलं. पण कर्ज सगळ्यात शेवटी आण, एवढं माझं ऐक.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट तुला ठाऊक असेलच. शाहू महाराजांकडे ते नोकरीला होते. मराठ्यांसाठी राखलेल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावलं आणि भाऊसिंगजी रोडला त्यांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावला. जागा होती, भांडवल होतं, चहाही होता. नव्हतं ते गिऱ्हाईक, आणि महाराजांनी नेमकं तेच आणून दिलं. एखाद्या वस्तीतल्या माणसाचा धंदा उभा करणं म्हणजे काय, हे मला त्यातून जितकं समजलं तितकं कुठल्याच योजनेच्या माहितीपत्रकातून समजलं नाही.

म्हणून कुणाचाही अर्ज भरण्याआधी तिच्या गाड्यावर, तिच्या दुकानात जाऊन बस. सकाळी काय खपतं, काय उरतं ते बघ. खपत नसलेल्या मालावर कर्ज काढून दिलंस, तर तू तिला हप्ता दिलास, धंदा नाही.

उधारीवरून तिला भाषण देऊ नकोस. तिचं गिऱ्हाईक आठवड्याच्या पगारावर जगतं, शनिवारी पैसे येतात. उधारी बंद केली तर दुकानच बंद. मात्र प्रत्येक घराची मर्यादा ठरवायला आणि ती वहीत लिहायला शिकव. घरखर्च आणि गल्ला वेगळा ठेवणं फार अवघड असतं. पोरगं आजारी पडलं की गल्ल्यातच हात जातो. त्यासाठी भिशी असो वा बचत गट, बाजूला थोडी रक्कम हवीच.

आता कर्ज. सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी 10,000 घेतले, तर दर महिन्याला 1,000 नुसतं व्याज जातं, मुद्दल आहे तिथंच. ते आधी फेडायला लाव. पीएम स्वनिधी या केंद्राच्या योजनेत पथविक्रेत्यांना पहिलं कर्ज 15,000 पर्यंत मिळतं, जामीन लागत नाही आणि वेळेवर फेडलं तर 7 टक्के व्याज परत मिळतं. फेड नीट झाली की पुढं 25,000, मग 50,000. दुकान थाटणाऱ्यांसाठी केंद्राच्याच मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज आहे, 50,000 पर्यंत. तिथंही तारण नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नकोस.

पैशाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पथविक्रेत्याचं ओळखपत्र. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. शहर विक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायांच्या. गाडा उचलून नेला की एका दिवसात महिन्याची कमाई जाते, आणि बायांना हा कायदा ठाऊकच नसतो. त्यांच्यातलीच एखादी त्या समितीच्या निवडणुकीला उभी राहील, असं बघ. मला तर दहा कर्जांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

सुभाषनगरात चप्पल करणाऱ्यांकडेही जाऊन ये. कोल्हापुरी चपलेला 2019 ला भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 ला तिच्यासारखी चप्पल परदेशातल्या फॅशन शोमध्ये दिसली. पण कातडं कापणाऱ्या हाताला थेट गिऱ्हाईक अजून क्वचितच भेटतं. तिथंही कर्ज नको, आधी गिऱ्हाईक ने.

पुढच्या महिन्यात तुमच्या संस्थेची बैठक आहे ना? त्या दिवशीचा नाश्ता राजेंद्रनगरातल्या बायांकडून मागव. सगळ्यांनी मिळून खा, आणि बिल त्याच दिवशी चुकतं कर.

तुझी,
मावशी