बॉल मिलिंगमुळे (भांड्यात कठीण गोळ्यांसोबत फिरवून दळण्याने) धातूच्या भुकटीची रचना आणि रासायनिक घटक दोन्ही बदलतात का?

होय, पण दोहोंची कारणे वेगळी आहेत. फिरत्या भांड्यातील गोळे आदळतात तेव्हा त्यांच्यामध्ये सापडलेले कण चपटे होतात, न वितळताच एकमेकांना जोडले जातात, कठीण होऊन तुटतात आणि पुन्हा जोडले जातात. हे चक्र तासन्‌तास चालले की स्फटिककण (भुकटीच्या प्रत्येक कणातील एकसारख्या अणुरचनेचे सूक्ष्म भाग) बहुधा 10 ते 20 नॅनोमीटरपर्यंत लहान होतात, मात्र भुकटीचा दृश्य कण काही मायक्रोमीटरचाच राहतो, आणि हा फरक लक्षात न घेतल्यास क्ष-किरण विवर्तनाच्या (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या पद्धतीच्या) आलेखातील रुंदावलेल्या शिखरांचा अर्थ हमखास चुकतो. एरवी घन अवस्थेत एकमेकांत जेमतेम विरघळणारे लोखंड आणि तांबेसुद्धा या आघातांनी एकजीव घन द्रावण बनवतात. निकेल व नायोबियमच्या मिश्रणाची तर स्फटिकरचनाच मोडून ते अस्फटिक होते.

एकूण रासायनिक प्रमाण मात्र बदलते ते मुख्यतः बाहेरून येणाऱ्या अशुद्धींमुळे. पोलादी गोळे झिजून लोह मिसळते, हवेतून ऑक्सिजन व नायट्रोजन शिरतात, आणि कण चिकटू नयेत म्हणून घातलेल्या स्टिअरिक आम्लातून कार्बन येतो. टायटॅनियमसारख्या क्रियाशील धातूसाठी भांडे आर्गॉनमध्येच भरावे आणि मिलिंगनंतर रासायनिक विश्लेषण अवश्य करावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.