सामन्यांची गर्दी असताना फुटबॉल प्रशिक्षक जिंकणारा संघ का बदलतात?

तीन-चार दिवसांच्या अंतराने सामने असतील, तर मांडीच्या मागचे स्नायू पूर्ववत होण्याआधीच खेळाडूला पुन्हा वेगाने धावावे लागते आणि दुखापतीची शक्यता वाढते. त्यामुळे प्रशिक्षकाला एका सामन्याचा नव्हे, तर संपूर्ण पंधरवड्याचा विचार करावा लागतो.

डिसेंबर २०१९ मधील लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचे उदाहरण पाहावे. १७ तारखेला लीग चषकात ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्यांनी जवळजवळ पूर्णपणे युवा संघ उतरवला आणि ०-५ असा पराभव पत्करला, कारण मुख्य संघ क्लब विश्वचषकासाठी कतारमध्ये होता. तिथेही दुसऱ्याच दिवशी मेक्सिकोच्या मॉन्टेरेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉप यांनी माने, फिर्मिनो आणि अलेक्झांडर-अर्नोल्ड यांना सुरुवातीला राखीव ठेवले. पुढे हे तिघेही बदली म्हणून उतरले आणि अलेक्झांडर-अर्नोल्डच्या पासवर फिर्मिनोने भरपाई वेळेत विजयी गोल केला. २१ तारखेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या फ्लामेंगोविरुद्धचा एकमेव गोलही फिर्मिनोचाच होता.

माझ्या मते मात्र गोलरक्षक आणि मध्यबचावाची जोडी शक्यतो बदलू नये, कारण तिथे ताज्या पायांपेक्षा परस्परांची सवय अधिक मोलाची असते. वारंवार वेगाने धावणारे बगलेचे बचावपटू आणि आघाडीपटू यांना आधी विश्रांती द्यावी.