जळगावहून जुनं ओमेगा ऑनलाइन डीलरला विकायचंय: रोख घ्यावी की बदल्यात दुसरं घड्याळ?

तुमचं ओमेगा सीमास्टर 2012 चं, स्टीलचं, को-ॲक्सियल (ओमेगाची खास यंत्ररचना). डबा आहे, वॉरंटी कार्ड हरवलंय, आणि मुंबईच्या डीलरनं फोटो बघून भाव सांगितलाय. तो भाव पक्का धरू नका. केळीचा भाव बागेत ठरतो आणि कटती, म्हणजे भावातली कपात, नंतर लागते, तसंच हे. घड्याळ त्यांच्या टेबलावर गेलं, मागचं झाकण उघडलं, की आकडा उतरतो. तोवर माल त्यांच्या हातात असतो, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं.

कटतीची कारणं आधी घरीच संपवा. पट्ट्यातून काढून ठेवलेल्या कड्या शोधा. जाड मनगटाच्या गिऱ्हाइकाला त्या लागतात आणि सुट्या महाग पडतात. कार्ड कंपनी पुन्हा काढून देत नाही, पण अधिकृत सर्व्हिस सेंटरची सिरीयल नंबर असलेली पावती असेल तर तिचा उपयोग होतो. घड्याळ दुबईहून आणलेलं असेल तर कस्टम भरल्याचा कागद काढून ठेवा. पॉलिश मात्र करू नका. पट्टा जिथं बसतो तिथल्या धारदार कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत. विकण्याआधी पूर्ण सर्व्हिसिंगही नको, तो खर्च भावात वसूल होत नाही.

टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळजीकडच्या चाल मोजणाऱ्या मशीनवर, चाल मात्र तपासून घ्या, आणि एक गोष्ट घड्याळजीला स्वतः सांगा: को-ॲक्सियलचा लिफ्ट अँगल, म्हणजे मशीनमध्ये आधी भरायचा यंत्राचा कोन, 38 अंश. मशीन नेहमीच्या 52 वर राहिलं तर खरं 220 अंशांचं ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका, तो कमी पडला की यंत्र थकलेलं) 300 दिसतं. तुम्ही खूश होता, आणि मुंबईत ‘सर्व्हिस लागेल’ म्हणून पैसे कापतात. घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढं पळत असेल तर बहुधा मॅग्नेट लागलंय, मोबाइलच्या कव्हरचा किंवा स्पीकरचा. ते उतरवायला मिनिटभर लागतं, त्यासाठी कटती सोसू नका.

आता मूळ प्रश्न. बदलीत डीलर तुमच्या घड्याळाला चढा भाव देतो आणि फरक त्याच्या घड्याळाच्या किमतीत भरून काढतो. म्हणून दोन आकडे वेगवेगळे मागा: माझं रोखीनं केवढ्याला घ्याल, आणि तुमचं रोखीनं केवढ्याला द्याल. वजाबाकी तुम्हीच करा. डीलरचा भाव कमी वाटतो त्यामागं थोडं कारणही आहे. 2 लाखांना घेऊन 2.5 लाखांना विकलं तर मधल्या 50,000 वर त्याला 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. तिसरी वाट कमिशनची, म्हणजे सरळ अडत: माल तुमचा, विकला गेला तरच पैसे. केळीसारखं ते नासत नाही, घाई नसेल तर बहुतेकदा इथंच जास्त हाती येतं. फक्त किमान भाव, मुदत आणि न विकल्यास परतीचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.

शक्य असेल तर स्वतःच घेऊन जा. रात्री जळगावला गाडीत बसलात की सकाळी मुंबई, आणि झाकण तुमच्यासमोर उघडतं. पाठवायचंच असेल तर साधं कुरिअर नको, पावतीमागच्या बारीक अक्षरांत भरपाईची मर्यादा लिहिलेली असते. डीलरचाच विमा असलेला पिकअप मागवा. विम्याची रक्कम ठरलेल्या भावाएवढी आहे ना, ते बघा. सिरीयल नंबर दिसेल असा, पॅकिंग संपेपर्यंत न तुटलेला व्हिडिओ काढा. क्लॅस्प आणि मागचं झाकण यांच्यात मऊ कापड घाला, नाहीतर पट्टाच झाकणावर ओरखडे काढतो.

पैसे बँकेतूनच घ्या. 2 लाख किंवा जास्त रक्कम रोख नोटांत घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. स्वतः वापरलेल्या स्टीलच्या घड्याळावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. बदलीत घेतलेलं घड्याळ 10 लाखांच्या वर गेलं तर डीलर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर, लावेल. तो नियम 22 एप्रिल 2025 पासूनचा आहे, आणि ती रक्कम रिटर्नमध्ये वळती होते. पॅन-आधारच्या प्रतीवर ‘फक्त घड्याळ विक्रीसाठी’ आणि तारीख आडवी लिहून द्या. ‘पैसे पाठवतोय, यूपीआय पिन टाका’ असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.